पान उलटल्याशिवाय पांढरी माशी जात नाही

वांग्याच्या झाडाला हात लागला, पानांखालून पांढरा भुगा उडाल्यासारखा झाला, क्षणभर हवेत तरंगला आणि पुन्हा त्याच पानांखाली जाऊन बसला. पुण्यातली गच्ची, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. चार वांगी, तीन टोमॅटो, तीन भेंड्या, दोन मिरच्या अशा बारा कुंड्या, आणि कठड्याशी ड्रममध्ये एक पेरू, एक जास्वंद. थंडी सरून दुपार तापायला लागली की हे होतेच. त्या दिवसापासून एकवीस दिवसांत काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि त्यातले काय फसले, ते इथे मांडले आहे. औषधांची मापे १ लिटर पाण्याला आहेत. एवढ्या झाडांना एका फवारणीस साधारण २ लिटर द्रावण लागले.

आधी ओळख पक्की करावी लागते. पांढरी माशी ही माशी नव्हेच. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्या गोतावळ्यातला, पानात सोंड खुपसून रस शोषणारा हा जेमतेम १ मिलिमीटरचा कीटक. घरच्या भाजीपाल्यावर आपल्याकडे बहुतेक वेळा सापडते ती बेमिसिया टॅबॅसी ही जात. कापसावर आणि टोमॅटोच्या शेतात असते तीच. उडणाऱ्या माश्या डोळ्यांत भरतात म्हणून सगळे त्यांच्या मागे लागतात. पण झाडाचा रस पिणारी खरी फौज पंख नसलेली असते आणि पानाच्या पाठीला चिकटून बसलेली असते. ती बघायला सोनार वापरतात तसले १० पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर फोटो मोठा करूनही काम भागते, पण जिवंत-मेलेले ओळखायला भिंगच बरे.

वांग्याचे एकच झाड शेंड्यापासून बुडापर्यंत पान उलटत पाहिले की किडीचे सगळे वय एका ओळीत दिसते. मादी कोवळ्या पानाखाली अंडी घालते, म्हणून शेंड्याकडे माश्या आणि अंडी. अंडे उभे असते, त्याचा देठ पानात रुतलेला, आधी पिवळट आणि फुटायच्या आधी तपकिरी. त्याखालच्या पानांवर पिल्ले. अंड्यातून निघालेले पिल्लू काही तास रांगते, सोयीची जागा बघते आणि एकदा सोंड खुपसली की तिथून हलत नाही. चपटे, पिवळसर, पारदर्शक, खवल्यासारखे. सगळ्यात खालच्या जून पानांवर कोष, ज्यांत दोन लाल डोळे स्पष्ट दिसतात, आणि माशी निघून गेल्यावर उरलेली पांढरी टरफले. टरफलाच्या पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असेल तर त्यातून माशी निघाली. गोल भोक असेल तर गोष्ट निराळी आणि आनंदाची, तिच्याकडे शेवटी येऊ.

अंडे ते माशी हा प्रवास २८ ते ३० अंश तापमानात जेमतेम तीन आठवड्यांचा असतो. थंडीत तो लांबतो. अंडे फुटायला ५ ते ७ दिवस, पुढचे जवळजवळ दोन आठवडे पिल्लू आणि कोष. साबण आणि कडुनिंब ही दोन्ही घरगुती औषधे पिल्लांवर चालतात. अंड्यावर आणि लाल डोळ्यांच्या कोषावर त्यांचा परिणाम फार कमी. म्हणून एक फवारणी कितीही जीव ओतून केली तरी त्या दिवशी अंड्यात आणि कोषात असलेले सुटतात. ‘फवारले, चार दिवस बरे होते, मग दुप्पट आल्या’ ही तक्रार इथून येते. औषध बदलून काही होत नाही, तारखा पाळाव्या लागतात. दर चार दिवसांनी एक अशा पाच फवारण्या आम्ही ठरवल्या: दुसरा, सहावा, दहावा, चौदावा आणि अठरावा दिवस. आज अंड्यात असलेला प्रत्येक जीव या काळात कधी ना कधी पिल्लाच्या अवस्थेत सापडतोच.

पहिला दिवस औषधाविना गेला. सकाळी उजाडता उजाडता माश्या गारठलेल्या, सुस्त असतात. त्या वेळी हातात धरायचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर पानांच्या बाजूने फिरवला की उडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी ओढल्या जातात. नळीचे तोंड पानाला टेकवायचे नाही, पान फाटते. दुसऱ्या हाताने फांदी हलकेच हलवायची आणि उठणाऱ्या माश्या हवेतच टिपायच्या. त्याची पिशवी लगेच प्लास्टिकच्या थैलीत बांधून उन्हात ठेवली. तशीच ठेवली तर निम्म्या बाहेर येतात. ज्यांच्याकडे हे यंत्र नाही त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल, मात्र पुढची सोडू नये.

पुढची म्हणजे पानतोड. वांग्याची आणि टोमॅटोची बुडाकडची तीन-चार जून पाने काढली. औषधाला दाद न देणारे कोष याच पानांवर असतात, त्यामुळे कात्रीने पाच मिनिटांत जे होते ते दोन फवारण्यांनी होत नाही. पान तोडण्याआधी थैली पानाखाली धरायची, पान त्यातच पाडायचे, तोंड बांधायचे आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवून मग कचऱ्यात. उघड्या कंपोस्टच्या डब्यात टाकलेल्या पानांवरचे कोष पान सुकेपर्यंत फुटत राहतात. एका वेळी झाडाच्या पाव हिश्शाहून जास्त पाने काढू नयेत, विशेषतः उन्हाळ्याच्या तोंडावर. फळे उघडी पडतात आणि उन्हाने भाजतात.

मग पाण्याचा फवारा, खालून वर. पाइपच्या तोंडाशी बोट धरून जोर करायचा, दुसऱ्या हाताचा पंजा पानाच्या वरच्या बाजूला आधाराला. रांगती पिल्ले आणि चिकट गोडसर द्रव धुऊन जातो. हा द्रव माश्या आणि त्यांची पिल्लेच सोडतात. त्यावर काळी बुरशी धरते आणि पान काजळी फासल्यासारखे होते. काजळी पानात शिरत नाही, फक्त ऊन अडवते, म्हणून तिच्यासाठी वेगळे बुरशीनाशक मारणे वाया. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांतला कोळशी रोग हा याच प्रकारातला. तिथे काम करणारी काळी माशी पांढऱ्या माशीच्याच कुळातली.

त्याच दिवशी कुंड्यांतले आणि कठड्याच्या फटीतले तण उपटले. ओसाडी, पेटारी, घाणेरी यांच्यावर माशी सुखाने राहते आणि भाजी फवारली की तिकडे मुक्कामाला जाते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साबण. साबण म्हणजे पोटॅशियमचा साबण, बागकामाच्या दुकानात द्रवरूपात मिळतो तो, १ लिटरला ५ मिली. बाटलीगणिक तीव्रता बदलते, तेव्हा लेबलावरचे माप अंतिम. भांडी घासायचा द्रव आणि कपड्यांची पावडर हे साबण नव्हेत, डिटर्जंट आहेत. त्यांनी पानावरचा मेणाचा थर निघतो आणि दोन दिवसांत कडा करपतात. रिठ्याचे पाणी चालते असे म्हणतात आणि थोडेफार चालतेही, पण प्रत्येक उकळीला त्याची ताकद निराळी निघते. मोजून काम करायचे तर ते गैरसोयीचे.

इथे पहिली फसगत झाली. गच्चीवरच्या टाकीत बोअरचे पाणी. त्यात साबण टाकल्यावर फेसाऐवजी दह्यासारख्या कण्या तयार झाल्या आणि नोझल तुंबले. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा अविद्राव्य चोथा करतात. म्हणजे पंपात पाणी असते, साबण उरत नाही. ‘साबणाने काहीच झाले नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते. परीक्षा सोपी आहे. काचेच्या बाटलीत अर्धे पाणी, साबणाचे चार-पाच थेंब, बूच लावून हलवायचे. वर फेस आणि खाली पाणी स्वच्छ, तर ठीक. पाणी गढूळ आणि वर साय, तर ते पाणी बाद. त्यानंतर फवारणीला आरओचे गाळलेले पाणी घेतले. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही यासाठी उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे सांडपाणी बाहेर पडते ते मात्र घेऊ नये, त्यात क्षार उलट जास्त असतात.

साबण ओला असेपर्यंतच मारतो. किडीच्या अंगावरचे मेण उतरवतो, तिचा श्वास कोंडतो. वाळला की संपला. मागे काही उरत नाही, हा त्याचा दोषही आणि गुणही. म्हणून तो सकाळी साडेसहाच्या आत मारला, गारव्यात पान जास्त वेळ ओले राहते आणि माश्या उडायच्या मनःस्थितीत नसतात. ऊन वर यायच्या आत भेंडी आणि मिरचीवर साधे पाणी मारून साबण धुऊन टाकला, ही दोन्ही नाजूक पानांची. कोणतेही नवे द्रावण आधी प्रत्येक प्रकारच्या झाडाच्या दोन पानांवर मारून ४८ तास थांबायचे. डाग पडले नाहीत तर सगळ्या झाडावर. मातीत ओल नसलेल्या, मान टाकलेल्या झाडावर काहीच मारायचे नाही. आदल्या संध्याकाळी पाणी घालून ठेवायचे.

पंपाबद्दल दोन शब्द. २ लिटरचा हातपंप पान उलटून मारायला तिरपा केला की आतल्या नळीचे तोंड पाण्याबाहेर येते आणि नुसती हवा फुसफुसते. त्यावर इलाज दोन: पंप अर्ध्याखाली जाऊ द्यायचा नाही, किंवा पुढे वाकवता येणारी कांडी असलेला पंप घ्यायचा. नोझलचे तोंड आकाशाकडे, पंप कुंडीच्या काठाखाली, आणि फवारा बुडापासून शेंड्याकडे. पानाच्या पाठीवरून थेंब गळू लागला की पुढचे पान. वरच्या बाजूने मारलेला फवारा म्हणजे झाडाला आंघोळ. किडीला छत्रीखाली उभे राहायला मिळते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी कडुनिंबाचे तेल. १ लिटरला ५ मिली तेल आणि २ मिली तोच साबण. क्रम चुकला की तेल वर तरंगते आणि पंपातून आधी नुसते पाणी, शेवटी नुसते तेल बाहेर पडते. ते शेवटचे तेल ज्या झाडाच्या वाट्याला येते ते करपते. आधी वाटीत तेल आणि साबण एकत्र घोटायचे, मग कपभर कोमट पाणी थोडेथोडे घालत ढवळायचे. दुधासारखे पांढरट झाले की बाकीच्या पाण्यात ओतायचे. मारताना मधून मधून पंप हलवायचा. मिसळलेले द्रावण उद्यासाठी ठेवायचे नाही. थंडीत तेल बाटलीत थिजते तेव्हा बाटली कोमट पाण्यात उभी करायची, गॅसवर नाही. तेलाचा वास उग्र असतो, आणि शेजारी खिडकी उघडी ठेवून झोपणारे असतील तर आधी सांगून ठेवलेले बरे.

संध्याकाळच का, तर कडुनिंबातले अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर नासते, आणि तेलाचा थर असलेले पान दुपारच्या उन्हात भाजते. पारा ३२ च्या वर जाणार असेल तर सूर्य मावळल्यावरच. या औषधाने कीड जागच्या जागी मरत नाही. पिल्लाची कात टाकणे बिघडते, माशीचे खाणे आणि अंडी घालणे कमी होते. परिणाम दिसायला चार-पाच दिवस जातात. तेलाऐवजी ५ टक्के निंबोळी अर्कही चालतो: ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी पातळ फडक्यातून दोनदा गाळायची आणि एकूण १ लिटर करायचे. तो संध्याकाळीच मारायचा असल्याने भरड सकाळी भिजवून संध्याकाळी गाळली तरी चालते. फक्त निंबोळी नवी हवी. वर्षभर डब्यात पडलेली, बुरशी आलेली निंबोळी वापरून कडुनिंबाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मग आठवा दिवस. या दिवशी माश्या कमी होण्याऐवजी वाढल्या. पान हलवले की आधीसारखाच, किंबहुना जास्तच भुगा. निम्मे लोक इथे सोडून देतात आणि उरलेले औषधाच्या दुकानात जातात. पण भिंग लावले तर चित्र वेगळे होते. पहिल्या दिवशी प्रत्येक झाडाच्या मधल्या उंचीवरच्या एका पानाला लाल दोरा बांधून ठेवला होता. त्या पानाच्या पाठीवर एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतली जिवंत पिल्ले दर फवारणीच्या आधी मोजायची, असा नेम. जिवंत पिल्लू फुगीर, चकचकीत, सुईचे टोक लावले तर ओले. मेलेले कोरडे, चपटे, तपकिरी. वांग्यावर सुरुवातीला चाळीसच्या आसपास होती. आठव्या दिवशी माश्या वाढल्या तेव्हा पिल्ले मात्र कमी झालेली होती. पहिल्या आठवड्यात जे कोष सुटले होते त्यांतून माश्या बाहेर आल्या, एवढाच त्या भुग्याचा अर्थ. दहाव्या दिवशी पिल्ले निम्म्यावर, चौदाव्याला दहाच्या आत. उडणाऱ्या माश्यांची संख्या आठवडाभर मागे चालते. तिच्यावरून निर्णय घेतला तर प्रत्येक वेळी चुकीचा.

पिवळे चिकट सापळे लावले होते, त्यांचेही हेच. पिवळा रंग माशीला कोवळ्या पालवीसारखा वाटतो म्हणून ती त्यावर येते. जुन्या प्लास्टिकच्या फाइलचा हात-वीतभर पिवळा तुकडा, त्यावर एरंडेल तेल किंवा व्हॅसलिनचा पातळ हात, आणि झाडाच्या शेंड्याच्या जरा वर टांगलेला. उंच दोरीवर टांगलेला सापळा शोभेचा, माशी झाडाची उंची सोडून फार वर जात नाही. धूळ बसली की चिकटपणा जातो, आठवड्याला पुसून पुन्हा तेल. सापळ्याने कीड आटोक्यात येत नाही, ती आली आहे हे चार दिवस आधी कळते. बारा कुंड्यांना दोन पुरेत. चौदाव्या दिवसानंतर ते काढून ठेवले, कारण त्यावर लेडीबर्ड भुंगेरे आणि बारीक गांधीलमाश्याही चिकटायला लागल्या होत्या, आणि त्या आपल्या बाजूच्या.

मुंग्यांचे काम बहुतेक जण विसरतात. गोड द्रवासाठी काळ्या मुंग्या झाडावर चढतात आणि पिल्लांना खायला येणाऱ्या भुंगेऱ्यांना, क्रायसोपा या मित्रकीटकाच्या अळ्यांना हुसकावतात. पेरूच्या खोडाला चार बोटे रुंद कागदी टेप गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिन लावले. थेट सालीवर लावायचे नाही. कुंड्यांखाली पाण्याच्या थाळ्या ठेवल्या. एखादे पान कठड्याला टेकलेले राहिले तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो, म्हणून तशी पाने छाटली.

तीन टोमॅटोंपैकी एक उपटावा लागला. शेंड्याची पाने बारीक, वर वळलेली, कडा पिवळट, पेरे आखूड, झाड खुजे. हा लीफ कर्ल, पर्णगुच्छ. विषाणू पांढऱ्या माशीच्या सोंडेतून येतो. अर्ध्या तासाच्या आत ती तो रोगी झाडातून उचलते किंवा निरोगी झाडात सोडते, आणि एकदा उचलला की मरेपर्यंत बाळगते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे आज वळलेले पान ही जानेवारीतली घटना असते. त्यावर औषध नाही. ताक, हिंग, दूध, काहीही नाही. झाड हलवून माश्या दुसरीकडे पाठवण्याआधी त्यावर साबण मारायचा, मोठी थैली वरून घालायची आणि मग मुळासकट काढायचे. भेंडीच्या पानातल्या शिरांची पिवळी जाळी, म्हणजे हळद्या, याचाही वाहक हीच माशी आणि उपायही हाच. इथे मन घट्ट करावे लागते, कारण ते झाड आणखी चार भेंड्या देईल असे वाटत असते. देईलही, आणि शेजारच्या दोन झाडांना रोगही देईल.

मिरचीचे पान वळले म्हणून लगेच पांढऱ्या माशीला दोष देऊ नये. कडा वर वळून पान होडीसारखे झाले तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान अरुंद, लांबट झाले तर कोळी, म्हणजे जाळे विणणारा नव्हे, माइट ही रस शोषणारी बारीक कीड. बोकड्या या एकाच नावाखाली हे सगळे खपते आणि औषध चुकते. आमच्या दोन मिरच्यांपैकी एकीवर भिंगाखाली फुलकिडेच सापडले.

ड्रममधल्या पेरूचे आणि जास्वंदीचे प्रकरण निराळे. पानामागे मेणाच्या बारीक रेघा, बोटाच्या ठशासारख्या गोल-गोल फिरलेल्या, आणि कापसासारखे पांढरे पुंजके. ही चक्राकार पांढरी माशी, परदेशातून आलेली. तिची एक मोठी बहीण, रुगोज चक्राकार पांढरी माशी, भारतात २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाची भागात नारळावर प्रथम सापडली आणि पुढे कोकण-गोव्याच्या नारळीपर्यंत पोचली. हिच्यावर तेल-साबण घासत बसण्यापेक्षा पाण्याचा जोरदार मारा परवडतो: मेण फुटते, पिल्ले निखळतात. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. नारळाच्या बाबतीत तर रासायनिक औषध टाळा असाच शास्त्रज्ञांचा सल्ला आहे, कारण एनकार्सिया ग्वाडेलूपी नावाची सूक्ष्म गांधीलमाशी या किडीच्या मागोमाग येते आणि औषधाने आधी ती मरते.

लेकॅनिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी, दुकानात व्हर्टिसिलियम या जुन्या नावानेही मिळते. ५ ग्रॅमच्या मापाने एका वांग्यावर संध्याकाळी मारून पाहिली. काही झाले नाही. बुरशीला किडीच्या अंगावर उगवायला रात्रभर दमट हवा लागते आणि पुण्याच्या मार्चमध्ये ती नसते. पावसाळ्याच्या उघडिपीत, कोकणात किंवा दाट लागवडीत हीच पुडी चांगली चालते. पुडीवरची तारीख बघावी, थंड जागी ठेवावी आणि आगेमागे बुरशीनाशक मारू नये. पैसे वाया गेले ते हवामान न बघितल्याने.

रासायनिक औषधाचे काय, हा प्रश्न येतोच. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे माशीला थोडी आणि तिच्या शत्रूंना पूर्ण मारतात. पंधरा दिवसांनी माशी पूर्वीपेक्षा जोरात येते. २०१५ मध्ये पंजाबात फवारण्यांवर फवारण्या होऊनही पांढऱ्या माशीने कापूस झोपवला. शेतातली ती गत, तर बारा कुंड्यांची काय कथा. इमिडाक्लोप्रिड कुंडीच्या मातीत ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. ते झाडाच्या रसात भिनते, म्हणजे वांग्यातही उतरते आणि फुलांतून मधमाश्यांपर्यंतही. दोन दिवसांआड वांगे तोडून फोडणीला टाकणाऱ्या घरात त्याला जागा नाही.

खताचाही हिशोब चुकला होता. जानेवारीत वांग्यांना शेणखताबरोबर युरिया पडलेला, आणि त्याच दोन झाडांवर कीड सर्वांत जास्त. नत्र वाढले की पान लुसलुशीत होते, रसातली अमिनो आम्ले वाढतात आणि माशीला ताट वाढून मिळते. एकवीस दिवस युरिया बंद, पातळ शेणपाणीही बंद. मूठभर राख आणि नियमित पाणी एवढेच.

एकविसाव्या दिवशी लाल दोऱ्याच्या पानावर नाण्याएवढ्या जागेत दोन-तीन जिवंत पिल्ले उरली. शून्य झाले नाही. उघड्या गच्चीवर ते होतही नाही, आणि करायला जाऊही नये, कारण त्याच पानावर काही कोष काळपट झालेले दिसले आणि दोन टरफलांना टी-आकाराच्या चिरेऐवजी गोल, कातून काढल्यासारखे भोक होते. एनकार्सिया किंवा तिची एखादी बहीण आत अंडे घालून, पिल्लाला पोसून, बाहेर पडलेली. विकत आणलेली नाही, आपली आपण आलेली. असे काळे कोष असलेली पाने आता तोडायची नाहीत, आणि त्या झाडावर साबणही थांबवायचा. बाकीच्या झाडांवर दर पंधरा दिवसांनी कडुनिंब, ऑक्टोबरच्या उन्हात दहा दिवसांनी.

उपटलेल्या टोमॅटोच्या जागी नवे रोप लावताना दोन गोष्टी बदलल्या. वाण लीफ कर्लला दाद न देणारा घेतला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा त्यातला एक. भेंडीसाठी परभणी क्रांती आणि अर्का अनामिका ही जुनी नावे आहेत, पण विषाणूही बदलत जातो, त्यामुळे तिथे वाणावर विसंबून माशीकडे दुर्लक्ष करता येत नाही. दुसरी गोष्ट जाळीची. घरातल्या मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आरामात आत जाते, ४० ते ५० मेशची, म्हणजे एका इंचात तेवढी भोके असलेली नायलॉन जाळी लागते. तारेच्या दोन कमानी कुंडीत रोवून वरून जाळीची पिशवी आणि खालची कड मातीत बोटभर पुरलेली. बोटाएवढी फट राहिली तर जाळी लावल्याचा उपयोग शून्य, उलट आत अडकलेली एक मादी पुरे होते. ती नराशिवायही अंडी घालते, त्यातून नर निघतात. आत हवा कमी खेळते, म्हणून दुपारी सावली. रोप फुलावर येईपर्यंत, साधारण पाच-सहा आठवडे, जाळी ठेवायची. रोप लहान असताना लागलेला विषाणू झाडच घालवतो, फळधारणेनंतर लागलेला थोडे उत्पन्न. टोमॅटो-वांग्याला परागीभवनासाठी फांदी टिचकी मारून हलवली तरी भागते, काकडी-दुधीला मात्र फुले आल्यावर जाळी काढावीच लागते.

रोपवाटिकेतून आणलेले प्रत्येक रोप आता जिन्याच्या कोपऱ्यात, बाकी कुंड्यांपासून लांब, तीन आठवडे बसते. डिसेंबरात आणलेल्या पॉइनसेटियाच्या लाल पानांखाली काय काय येते ते एकदा उलटून बघावे.